एका अक्षराची चूक

परीक्षा जवळ आली म्हणजे आपल्या शाळेच्या व्हरांड्यांतून एक विशेष प्रकारचा गुणगुणाट ऐकूं येऊं लागतो. कोणी सनावळ्या घोकीत असतो, कोणी सूत्रें, आणि जीवशास्त्राचा पेपर उद्यांवर आला कीं दहा-पंधरा कंठांतून एकच वाक्य निघतें : "पेशी हा सजीवांच्या रचनेचा व कार्याचा मूलभूत घटक होय." हें वाक्य खरें आहे, त्यांत एक शब्दही कमी-अधिक करण्याजोगा नाहीं. आम्हीं स्वतः तें विद्यार्थिदशेंत पाठ केलें, पुढें पदवीच्या परीक्षेंत लिहिलें, आणि वीस वर्षांहून अधिक काळ फळ्यावर लिहीत आलों. तथापि, या वाक्याचा अर्थ आम्हांस प्रथम कळला तो कोणत्याही ग्रंथांतून नव्हे. सावलीकडच्या एका खेड्यांतून येणाऱ्या आपल्याच एका विद्यार्थ्याकडून कळला, आणि तोही आमच्या हातून त्याच्यावर अन्याय होऊन गेल्यानंतर. ती हकीकत सांगावी, व तिच्या ओघानेंच पेशी आणि तिच्यांतील रेणु यांच्या धड्याची उजळणी करावी, असा या लेखाचा हेतु आहे. परीक्षेस बसणाऱ्या मुलामुलींस त्याचा उपयोग होईल; पालकांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत, ते शेवटीं सांगूं.

तो मुलगा नववींत होता. अंगानें किरकोळ, रंग फिकट, पण अक्षर मोत्यासारखें. वर्गांत शेवटच्या बांकावर बसे. महिन्यांतून पांच-सात दिवस त्याची गैरहजेरी ठरलेली. पावसाळ्यांत व थंडींत तर आठवडेच्या आठवडे जात. विचारलें तर मान खालीं घालून म्हणे, "सर, पाय दुखत होते." कवाइतीच्या तासाला तो मागें राही. प्रत्येक तासाला हात वर करी : "सर, पाणी प्यायला जाऊं?" आणि पाणी पिऊन आला कीं थोड्याच वेळानें पुन्हां लघवीस जाण्याची परवानगी मागे. आम्ही शिस्तीचे भोक्ते. तास चुकविण्याच्या सर्व युक्त्या आम्हांस ठाऊक आहेत, असा आमचा समज होता. एके दिवशीं आम्हीं त्यास सर्वांदेखत सांगितलें कीं, तास संपेपर्यंत पाणी मिळणार नाहीं, आणि सहामाहीच्या प्रगतिपुस्तकांत शेरा मारला : "बुद्धि आहे, पण आळशी. कामचुकारपणा सोडावा."

तें प्रगतिपुस्तक घेऊन त्याची आजी शाळेंत आली. धानाच्या कापणीचे दिवस होते. ती बांधावरूनच उठून आली असावी, पदराला धानाचें कुसळ तसेंच चिकटलेलें होतें. तिला सही करतां येत नव्हती, म्हणून आंगठा कोठें उठवावयाचा तें तिनें विचारलें. मग ती म्हणाली, "गुरुजी, पोरगा खोटा नाही जी. त्याचे हाडं दुखतेत. रातभर रडते. त्याची माय अशीच दुखून दुखून गेली." आम्हीं तिला बसावयास खुर्ची दिली, सौजन्याचे दोन शब्द बोललों, आणि तिच्या म्हणण्याकडे लक्ष मात्र दिलें नाहीं. त्या वेळीं आमच्यापुढें टेबलावर जें पुस्तक उघडें पडलें होतें, त्यांतील धड्याचें नांव होतें 'पेशी'.

पुढें जानेवारींत एका थंड सकाळीं मैदानावर क्रीडास्पर्धांची तयारी चालली असतां तो मुलगा धांवतां धांवतां एकाएकीं खालीं बसला. गुडघे पोटाशीं घेऊन तो असा विव्हळूं लागला कीं, आमच्या सर्व शंका एका क्षणांत गळून गेल्या. आम्हीं त्यास उचलून रुग्णालयांत नेलें. डॉक्टरांनीं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, डोळ्यांतला पिंवळेपणा पाहिला, आणि रक्त तपासावयास पाठविलें. तपासणीचें उत्तर दोनच अक्षरांत आलें : 'एसएस'. मुलास सिकलसेलचा आजार होता, आणि तो जन्मापासूनच होता. डॉक्टर आमच्यापेक्षां वयानें पुष्कळ लहान होते. त्यांनीं आदरानेंच विचारलें, "सर, आपण जीवशास्त्रच शिकवितां ना?" त्यांच्या मनांत टोमणा नसेल. पण त्या प्रश्नाचें उत्तर आम्ही अद्याप देत आहों, आणि हा लेख त्या उत्तराचाच एक भाग आहे.

आतां धड्याकडे वळूं. पेशीची गोष्ट इंग्लंडांत सुरू होते. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानें बुचाच्या सालीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला, आणि त्यास मधमाशांच्या पोळ्यासारखे लहान लहान कप्पे दिसले. मठांतील साधूंच्या खोल्यांस लॅटिन भाषेंत जो शब्द आहे, तोच त्यानें या कप्प्यांस दिला; 'सेल' हें नांव तेथून आलें. ही हकीकत त्यानें १६६५ सालीं 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथांत प्रसिद्ध केली. परंतु हूकनें पाहिलेल्या त्या खोल्या रिकाम्या होत्या. बूच मेलेलें, आंतील जिवंत द्रव्य केव्हांच सुकून गेलेलें. त्यानें पाहिल्या त्या केवळ भिंती. खोलींत कोणी राहतें, हें समजावयास आणखी पावणेदोनशें वर्षें जावीं लागलीं. १८३८ सालीं श्लायडेन यानें वनस्पतींविषयीं, आणि १८३९ सालीं श्वान यानें प्राण्यांविषयीं प्रतिपादन केलें कीं, सर्व सजीव पेशींचेच बनलेले आहेत. आणि प्रत्येक पेशी पूर्वींच्या पेशीपासूनच जन्मते, हें तत्त्व विर्शो यानें १८५५ सालीं मांडलें. हीं तीन नांवें व हे तीन सन परीक्षार्थींनीं लक्षांत ठेवावेत. आणि आम्हीं त्या मुलाकडे पाहिलें तें हूकसारखेंच, केवळ भिंती पाहिल्या, हेंही येथें कबूल करून ठेवितों.

पेशीच्या खोलींत काय काय असतें? बाहेर एक अत्यंत पातळ पटल. तें दारावरच्या रखवालदाराप्रमाणें कोणास आंत घ्यावें व कोणास बाहेर ठेवावें हें ठरवितें. आंत घट्टसर द्रव. मध्यें केंद्रक, त्यांत त्या सजीवाच्या घडणीचें सर्व लेखन सुरक्षित ठेवलेलें. तंतुकणिका अन्नापासून शक्ति मोकळी करतात. रायबोसोम प्रथिनें तयार करतात. वनस्पतीच्या पेशीस याखेरीज बाहेरून पेशीभित्तिका असते, आणि हिरव्या भागांत हरितलवकें असतात. प्राण्याच्या पेशीस भित्तिका काढून दाखविणारे विद्यार्थी दरवर्षीं निघतात. त्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.

रक्तांतील तांबडी पेशी मात्र या सर्वांहून निराळी आहे. ती हाडांतील मगजांत जन्मते. लहानपणीं तिला केंद्रक असतें. पण वाढ पुरी होतांना ती तें बाहेर टाकून देते, आणि ती सर्व जागा प्राणवायु वाहून नेणाऱ्या एका द्रव्यास, म्हणजे हिमोग्लोबिनास, देऊन टाकते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांपैकीं सात-आठ भागांएवढी तिची रुंदी. दोन्ही बाजूंनीं मध्यें दबलेल्या चकतीप्रमाणें तिचा आकार. आणि अंग इतकें लवचिक कीं आपल्याहून अरुंद अशा रक्तवाहिनींतूनही ती वांकून, दुमडून पार होते. सुमारें १२० दिवस ही हमाली करून ती नाश पावते. 'तांबड्या पेशीस केंद्रक कां नसतें?' या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत द्यावयाचें झाल्यास, 'ओझें अधिक वाहतां यावें म्हणून' असें देतां येईल.

आतां रेणु. जीवरेणूंचे चार वर्ग पुस्तकांत दिले आहेत, आणि ते आठवत नाहींत अशी मुलांची नित्याची तक्रार असते. मुलांनो, दुपारीं डबा उघडला कीं त्यांपैकीं तीन तुमच्यासमोरच असतात. भात हें कर्बोदक. त्याच्या पेजेंत आयोडिनाचा थेंब टाकला तर निळा-काळा रंग येतो. लाखोळीच्या डाळींत प्रथिन. प्रथिनाच्या द्रवांत कॉस्टिक सोडा व मोरचुदाचे थोडे पाणी घातलें तर जांभळी छटा येते. भाजींतलें जवसाचें तेल हा मेद. तें पाण्यांत विरघळत नाहीं, आणि पेशीचें पटलही मुख्यतः मेदाचेंच बनलेलें असल्यामुळें पाण्यांत राहूनही विरघळून जात नाहीं. चौथा वर्ग न्यूक्लिक आम्लांचा, म्हणजे डीएनए व आरएनए यांचा. तो डब्यांत निराळा वाढलेला दिसत नाहीं. पण भात असो, डाळ असो, ज्या ज्या पदार्थांत कधीं काळीं जिवंत पेशी होत्या त्यांत तो अंशानें असतोच. कर्बोदकें व मेद शक्ति देतात, प्रथिनें शरीर घडवितात व विकरांच्या रूपानें शरीरांतील क्रिया चालवितात, आणि न्यूक्लिक आम्लें हें सर्व कसें करावयाचें त्याची लिखित आज्ञा संभाळतात. इतकें ध्यानांत आलें म्हणजे अर्धा धडा आला.

प्रथिनाविषयीं थोडें अधिक सांगावयास हवें, कारण आमच्या हकीकतीची गांठ तेथेंच आहे. सावली हें खादीचें गांव. १९३६ सालीं येथें गांधी सेवा संघाचें अधिवेशन भरलें, आणि स्वतः गांधीजी त्यास उपस्थित होते. ज्या गांवांत चरखा फिरला त्या गांवच्या मुलांस सूत म्हणजे काय, हें समजावून सांगावयास नको. प्रथिनाचा रेणु म्हणजे एक सूतच होय. अमिनो आम्ल नांवाचे लहान मणी एकापुढें एक गुंफले जाऊन त्याचा धागा होतो. मण्यांचे प्रकार वीस. त्यांच्या अनुक्रमाप्रमाणें धागा आपोआप गुंडाळला जाऊन विशिष्ट आकाराची गुंडी तयार होते, आणि त्या आकारावरच त्या प्रथिनाचें कार्य अवलंबून असतें. हिमोग्लोबिन अशा चार गुंड्यांचें बनलेलें आहे : दोन धाग्यांत प्रत्येकीं १४१ मणी, दुसऱ्या दोहोंत प्रत्येकीं १४६, एकंदर ५७४. प्रत्येक गुंडींत लोहाचा एक अणु बसविलेला असतो, आणि प्राणवायूचा रेणु त्याच्याच आश्रयानें प्रवास करतो.

मण्यांचा अनुक्रम कोण ठरवितें? केंद्रकांतील डीएनए. त्याची वर्णमाला चारच अक्षरांची : ए, टी, जी, सी. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दास एक मणी. हें लेखन आरएनएच्या रूपानें उतरून घेतलें जातें. तें रायबोसोमापाशीं येतें, व रायबोसोम तें वाचीत वाचीत मणी ओंवीत जातो. मराठीच्या तासाला शुद्धलेखन घेतांना आम्ही 'सूत' हा शब्द सांगतों, आणि एखादा विद्यार्थी 'सुत' असें लिहितो. उकार ऱ्हस्व झाला एवढेंच. पण धाग्याचा मुलगा झाला! वाक्यांतील बाकी सर्व अक्षरें बिनचूक असलीं तरी अर्थ गेला तो गेलाच. अगदीं असेंच हिमोग्लोबिनाच्या लांब धाग्याच्या लेखनांत घडूं शकतें. सहाव्या मण्याचा शब्द 'जीएजी' असावयाचा, त्याच्या जागीं 'जीटीजी' येतो. एक अक्षर बदललें. त्यामुळें ग्लुटामिक आम्लाच्या जागीं व्हॅलिन हा मणी ओंवला जातो. १४६ मण्यांपैकीं १४५ बरोबर, एक चुकला. आमच्या त्या मुलाचें सर्व दुखणें एवढ्याच चुकीचें होतें.

एवढ्याशा चुकीनें एवढा अनर्थ कसा होतो? ग्लुटामिक आम्ल पाण्याशीं सख्य ठेवणारें आहे. व्हॅलिन पाण्यापासून दूर पळणारें. हिमोग्लोबिनाजवळ प्राणवायु आहे तोंवर कांहीं बिघडत नाहीं. परंतु शरीराच्या भागांस प्राणवायु देऊन तें रिकामें झालें कीं त्या व्हॅलिनास शेजारच्या रेणूवर लपावयास खांच सांपडते. एक रेणु दुसऱ्यास चिकटतो, दुसरा तिसऱ्यास, आणि पेशीच्या आंत ताठर दोरखंडें तयार होतात. मग ती मऊ चकती ताणली जाते आणि धान कापावयाच्या विळ्यासारखी वांकडी होते. इंग्रजींत विळ्यास 'सिकल' म्हणतात. म्हणून हें नांव. अशा ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढें रक्त जात नाहीं, आणि हाडांत, सांध्यांत, पोटांत असह्य वेदना उठतात. शिवाय या पेशी १२० दिवस जगत नाहींत. दहा-वीस दिवसांतच फुटतात. म्हणून रक्त कमी, रंग फिकट, शरीर थकलेलें. आणि फुटलेल्या पेशींतील द्रव्यापासून जो पिंवळा पदार्थ तयार होतो तो डोळ्यांत उतरतो. पहा, त्या मुलाच्या प्रत्येक 'आळसास' येथें कारण आहे.

आतां पाण्याचा प्रश्न. परासरण म्हणजे काय, हें विचारल्यावांचून परीक्षकास चैन पडत नाहीं. हरभरे रात्रभर पाण्यांत ठेवले तर फुगतात. कैरीच्या फोडींस मीठ लावलें तर त्यांस पाणी सुटून त्या आकसतात. अर्ध्या-पारगम्य पटलांतून पाणी विरळ द्रवाकडून दाट द्रवाकडे जातें, तें हें परासरण. तांबडी पेशी साध्या पाण्यांत ठेवली तर फुगून फुटते, दाट मिठाच्या पाण्यांत आकसते, आणि शंभर भागांत ०.९ भाग मीठ असलेल्या पाण्यांत जशीच्या तशी राहते. म्हणूनच रुग्णालयांत शिरेंतून देण्याचें सलाईन त्या प्रमाणाचें असतें. शरीरांत पाणी कमी झालें तर रक्त दाट होतें, तांबड्या पेशींतून पाणी बाहेर जातें, आंतील हिमोग्लोबिनाची दाटी वाढते, आणि सिकलसेलच्या रोग्यांत त्या दाटीमुळें दोरखंडें अधिक लवकर वळलीं जातात. शिवाय या आजारांत मूत्रपिंडांस पाणी राखून धरण्याचें काम नीट जमत नाहीं. म्हणून लघवी वारंवार होते व तहान वारंवार लागते. सारांश, वर्गांत उभें राहून तो मुलगा जें मागत होता तें त्याचें औषध होतें. परासरणाची व्याख्या फळ्यावर लिहून, त्याच हातानें आम्हीं त्यास तें नाकारलें होतें.

या रोगाचा शोधही एका विद्यार्थ्यापासूनच लागला, हें वाचून मुलांस नवल वाटेल. वेस्ट इंडीजमधील ग्रेनेडा बेटाहून एक तरुण दंतवैद्यक शिकण्यास अमेरिकेंत शिकागो शहरीं गेला होता. तो वारंवार आजारी पडे. त्याच्या रक्तांत विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या, आणि डॉ. जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं तें वर्णन प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, विजेच्या क्षेत्रांत ठेवलें असतां रोग्याचें हिमोग्लोबिन निरोगी हिमोग्लोबिनाहून निराळ्या वेगानें सरकतें. अर्थात् दोष पेशीच्याही आंत, रेणूंत आहे. रेणूचा रोग ही कल्पना जगास तेव्हां प्रथम मिळाली. तो दोष नेमका एका मण्याचा आहे, हें व्हर्नन इंग्रॅम यांनीं १९५६ व १९५७ या सालांत सिद्ध केलें. आपल्या देशांत १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत हा दोष आढळल्याचें प्रसिद्ध झालें, आणि पुढें विदर्भांतही तो सांपडला. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत तो आज सर्वांस ठाऊक आहे. म्हणजे शिकागोच्या पुस्तकांतील पेशी आमच्या धानाच्या बांधावर पूर्वींपासूनच होती. आम्हीच तिला ओळखीत नव्हतों.

आतां पालकांस सांगावयाचे ते दोन शब्द.

पहिली गोष्ट ही कीं, हा रोग स्पर्शानें, एका ताटांत जेवल्यानें किंवा एका बांकावर बसल्यानें होत नाहीं. हा कोणाच्या पापाचें फळ नव्हे, करणी नव्हे, आणि एकट्या आईचा दोष तर नव्हेच नव्हे. प्रत्येक मुलास या लेखनाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. दोन्ही प्रती शुद्ध असल्या तर तें मूल 'एए'. एक शुद्ध व एक चुकीची असली तर तें 'एएस', म्हणजे वाहक. त्यास सहसा कांहींच त्रास होत नाहीं, म्हणून आपण वाहक आहों हें त्यास ठाऊकही नसतें. दोन्ही प्रती चुकीच्या असल्या तरच 'एसएस', म्हणजे रोगी. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याच्या वेळीं रोगाचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, आणि निर्दोष असण्याचा चारांत एक. पहिलें मूल रोगी झालें म्हणून पुढचीं तीन सुटलीं, असा याचा अर्थ नव्हे. नाणें प्रत्येक वेळीं नव्यानेंच उडविलें जातें. दोहोंपैकीं एकच वाहक व दुसरा निर्दोष असला तर मूल वाहक होऊं शकेल, पण रोगी होणार नाहीं. म्हणून विवाह ठरवितांना जे पत्रिका पाहतात त्यांनींही, आणि जे पाहत नाहींत त्यांनींही, मुलामुलींच्या रक्ताची ही दोन अक्षरें अगोदर पाहावीं. रक्ताच्या थेंबाची पहिली चांचणी सोपी असते. तींत संशय आला तर इलेक्ट्रोफोरेसिस म्हणून जी तपासणी करतात, ती पॉलिंग यांच्या त्या विजेच्या युक्तीचीच. भारत सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, आणि २०४७ सालापर्यंत हा रोग आटोक्यांत आणण्याचें ध्येय ठेविलें आहे. तपासणीस बोलावलें तर लपूं नका. आणि तपासणींत 'एएस' निघालेल्या मुलीस दाराबाहेर काढूं नका. तिच्यांत कांहींही उणें नाहीं.

किंबहुना या वाहकांमुळेंच आपले पूर्वज या अरण्यांत तगले असावेत. ॲलिसन या शास्त्रज्ञानें १९५४ सालीं पूर्व आफ्रिकेंतील निरीक्षणांवरून दाखविलें कीं, वाहकांस मारक हिंवतापापासून पुष्कळ अंशीं संरक्षण मिळतें. ज्या ज्या प्रदेशांत पिढ्यानुपिढ्या हिंवताप होता, त्या त्या प्रदेशांत ही एका अक्षराची चूक टिकून राहिली, त्याचें कारण हें. एक प्रत ढालीसारखी उपयोगीं पडली. दोन एकत्र आल्या तेथें मात्र मुलांनीं त्याची किंमत दिली.

दुसरी गोष्ट ही कीं, हा रोग असलेलें मूल शिकूं शकतें, वाढूं शकतें, संसार करूं शकतें. भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, अति श्रम टाळणें, वेळेवर लसी, डॉक्टरांच्या सल्ल्यानें फॉलिक ॲसिडच्या व जरूर तेथें हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, आणि ताप आला कीं एकही दिवस न दवडतां रुग्णालय, इतकें संभाळलें तर पुष्कळ त्रास टळतो. २०२३ सालीं ब्रिटन व अमेरिका येथें रोग्याच्या स्वतःच्या मगजांतील पेशींच्या जनुकांत फेरफार करण्याच्या उपचारासही मान्यता मिळाली. तो अत्यंत खर्चाचा आहे. पण अक्षराची चूक अक्षरापाशींच जाऊन सांवरण्याचा मार्ग मनुष्यास सांपडूं लागला आहे, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें. आज घोकणारांपैकींच कोणी उद्यां तो मार्ग स्वस्त करील.

परीक्षार्थींस शेवटची सूचना. पेशी, केंद्रक, डीएनए, आरएनए, रायबोसोम, अमिनो आम्ल, प्रथिन, पटल, परासरण, आनुवंशिकता हे दहा निरनिराळे प्रश्न समजून पाठ करूं नका. एका तांबड्या पेशीची गोष्ट अक्षरापासून मनुष्यापर्यंत क्रमानें स्वतःस सांगून पाहा : अक्षर बदललें, मणी बदलला, मणी बदलला, गुंडी चिकटली, गुंडी चिकटली, पेशी वांकली, पेशी वांकली, वाट अडली, वाट अडली, मूल रडलें. जो ही सांखळी मधला एकही दुवा न गाळतां सांगूं शकेल, त्याचा धडा तयार झाला असें समजावें.

त्या मुलाचें पुढें काय झालें, तें सांगून लेख पुरा करितों. रुग्णालयांतून तो परत आला तेव्हां आम्हीं त्याचें प्रगतिपुस्तक मागून घेतलें, आमचा शेरा तांबड्या शाईनें खोडला, आणि खालीं लिहिलें : "वरील शेरा चुकीचा होता. शिक्षकाची चूक." आजी पुन्हां आंगठा उठवावयास आली. या वेळीं आम्हीं तो शेरा तिला वाचून दाखविला, आणि आमच्याकडून चूक झाली असें तिला म्हटलें. ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "होते जी, गुरुजी. पोराले पानी पिऊ द्यान का आता?" त्या दिवसापासून आमच्या तासाला प्रत्येक बांकावर पाण्याची बाटली असते, आणि पाणी पिण्यास कोणासही विचारावें लागत नाहीं.

यंदा तो दहावींत आहे. गैरहजेरी अजून आहे. पण तीं पानें त्याचे सोबती त्यास उतरून देतात. सराव-परीक्षेंत आम्हीं नेहमींचाच प्रश्न घातला होता : 'पेशी हा सजीवांच्या रचनेचा व कार्याचा मूलभूत घटक आहे, हें स्पष्ट करा.' त्यानें पुस्तकांतील उत्तर मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलें, आणि खालीं शेजारीं शेजारीं दोन आकृति काढल्या. एक गोल, एक विळ्यासारखी. दोहोंसही नांवें बिनचूक दिलेलीं होतीं. आम्हीं त्यास पूर्ण गुण दिले. दयेनें नव्हे, उत्तर बरोबर होतें म्हणून.